‘आलेच’ला इंग्रजीत काय म्हणतात

माझी सून रेणुका खोटं बोलत नाही. हे मी तिची सासू असून लिहिते आहे, तेव्हा शब्द किती पक्का आहे ते समजून घ्या. तेवीस वर्षांत मी तिच्या पुष्कळ खोडी पाहिल्या. भाजीत तिखट हात सोडून घालते. भांडण झालं की स्वतः गप्प बसते आणि भांड्यांना बोलायला लावते. पण खोटं तिला जमतच नाही. एकदा शेजारणीनं विचारलं, ही साडी मला कशी दिसते गं? ही म्हणाली, "साडी चांगली आहे." शेजारीण अजून माझ्याकडं गाऱ्हाणं करते.

अशा बाईच्या नावानं मागच्या वर्षी एक कागद निघाला. त्यात इंग्रजीत शब्द होता ‘फॉल्स’. म्हणजे खोटी.

आम्ही हैदराबादेत तारनाक्याला राहतो. माझा मुलगा गौतम रेल्वेत आहे, आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. नात गीता कॉलेजात शिकते. रेणुका नांदेडकडची, दहावी शिकलेली, सगळं मराठीत. लग्नानंतर हैदराबादेत आली तेव्हा तिला दुकानात मीठ मागता येत नव्हतं. आता अमीरपेटला मेट्रो बदलून रोज कुकटपल्लीला जाते. तिथं एका कंपनीची सात मजली काचेची इमारत आहे. अकरा वर्षांपूर्वी ही तिथं फरशी पुसायला लागली. आज सव्वीस बायकांवर सुपरवायझर आहे. पाठीवर कंपनीचं नाव लिहिलेलं जाकीट घालते आणि छातीवर स्वतःचं. मला ते छातीवरचं नाव जास्त आवडतं.

इंग्रजी तिला कुणी शिकवली नाही. फिनेलच्या डब्यावरून, लिफ्टच्या बटणांवरून, ‘फ्लोअर ओला आहे’ त्या पिवळ्या पाटीवरून तिनं ती टिपली, कोंबडी दाणे टिपते तशी. वस्तूंची नावं भराभर आली. अडलं ते क्रियापदाशी. मग गीताचं पाचवीचं व्याकरणाचं पुस्तक रद्दीत जाता जाता तिनं काढून घेतलं. त्यात एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. मी येते, आय कम. मी आले, आय केम. ती भाकरी थापता थापता घोकायची आणि मी तवा सांभाळायची. मला वाटायचं, चला, एका तव्यावर दोन भाकऱ्या भाजतायत.

आता त्या दिवसाचं सांगते.

सकाळी दहा बेचाळीसला कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, की चौथ्या मजल्यावर चहाच्या खोलीत पाण्याच्या मशीनची नळी सुटली आहे, रेणुका, लवकर ये. रेणुका तळमजल्यावर सामानाच्या खोलीत होती. तिनं एका हातानं पोछा आणि बादली उचलली आणि दुसऱ्या हातानं लिहिलं, "आय केम." आणि पळाली. लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर फर्निचर चढवत होते, जिना अडलेला. ती चौथ्यावर पोचली तेव्हा दहा चोपन्न झाले होते.

मधल्या वेळात काय झालं? त्या खोलीच्या दारात यादगिरी नावाचा सुरक्षेचा माणूस उभा होता, लोकांना ओल्यात जाऊ देत नव्हता. त्यानं ग्रुप पाहिला. रेणुकानं लिहिलंय, मी आले. त्याला वाटलं, बाई मागच्या दारानं आत आली असणार. तो आपल्या गेटवर निघून गेला. दहा पन्नासला स्रवंती नावाची कंपनीतली पोरगी कपात चहा घ्यायला आली, घसरली आणि मनगट मोडलं.

पुस्तक बरोबर होतं. बाई बरोबर होती. आणि दोघांच्या मधे एक पोरगी पडली.

दुसऱ्या दिवशी कागद हातात. तुम्ही घटनास्थळी हजर असल्याची खोटी माहिती दिलीत, तीन दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर कामावरून कमी करू. एकदा फाइलीत ‘खोटी’ असं पडलं की या शहरात दुसरी कंपनी सुपरवायझर सोडा, पोछाही हातात देत नाही. तिथल्या चाव्या, कपाटं, टेबलावर विसरलेले फोन, सगळं या बायकांच्या भरवशावर असतं. भरवसा हीच तिची डिग्री. बाकी डिग्री तिच्याकडं कुठली?

संध्याकाळी गीता तिला समजावत होती आणि मी लसूण सोलत ऐकत होते.

"मम्मी, ‘आय केम’ म्हणजे पोचले. झालं. संपलं."

"मग ‘आलेच’ला काय म्हणायचं?"

"आय ॲम कमिंग."

"ते तर ‘येतेय’ झालं. येतेय म्हणजे काय, चहा पिऊन पण येतेय. मी सगळं टाकून निघाले होते. म्हणून आलेच."

"पण तू आलीच नव्हतीस ना!"

"म्हणून तर ‘आलेच’ म्हणाले! आल्यावर कोण म्हणतं आलेच?"

गीता वैतागली. म्हणाली, "आजी, तू सांग हिला. इंग्लिशमध्ये टेन्सला अर्थ असतो."

मी म्हणलं, "आणि आमच्यात काय भुसा असतो? दूध उतू जायला लागलं की तू ‘गेलं, गेलं’ ओरडतेस. तेव्हा दूध कुठं असतं? पातेल्यातच. गेल्यावर कुणी ओरडत नाही, फडकं शोधतं. ‘मेले गं बाई’ म्हणणारी बाई चांगली धडधाकट असते. तुझ्या इंग्रजीत किती काळ आहेत?"

"बारा."

"बारा! आणि त्या बारांत एकात पण माझ्या सुनेला जागा नाही?"

गीता हसली. रेणुका हसली नाही. ती म्हणाली, "मामी," (आमच्यात सासूला मामी म्हणतात) "तुमचं सगळं खरं. पण यादगिरीला मराठी येत नाही. आणि ती पोरगी पडली."

मी लसूण जरा जास्तच सोलला त्या दिवशी.

खरं तर या गावात काळाचं एवढं स्तोम कुणाचंच नाही. इथं ‘परसों’ म्हणजे परवाचा दिवसही, मागचा महिनाही आणि निजामाची कारकीर्दही. गॅस दुरुस्त करणारा "अब्बी आया अम्मा" म्हणतो आणि त्या ‘अब्बी’ला दुसरा आठवडा उजाडतो. त्याला कुणी नोटीस काढली का? पण नोटीस खालच्या पायरीवरच्या माणसाला बरोबर सापडते. पाणी उताराला जातं तशी.

दुसऱ्या दिवशी रेणुकाचे मोठे साहेब मंदार यांनी तिला बोलावलं. हे पुण्याचे, मराठी. दोन वर्षांपूर्वी ते आले तेव्हा रेणुका किती खूश झाली होती! आपल्या भाषेचा साहेब. तिनं माझ्या हातची अंबाडीची भाजी डब्यात नेली होती. डबा स्वच्छ घासून परत आला, ‘आईंना सांगा, छान होती’ असा निरोप आला. भाजी खाल्ली होती की ओतली होती, ते मी विचारलं नाही. डबा फारच स्वच्छ होता एवढं खरं.

तर साहेब गोड बोलले. "रेणुकाताई, आपण आपली माणसं. मी तुमच्यासाठी उत्तर टाइप करून ठेवलंय. सही करा, विषय मिटतो. नोकरी राहील. सुपरवायझरचं मागाहून बघू." नोकरी राहील ऐकून ती बिचारी कागद घेऊन घरी आली. निदान सही करायच्या आधी वाचायची बुद्धी तिला झाली, त्याचं श्रेय मी घेते. कोरा चेकही चालेल, पण न वाचलेला कागद नको, हे मी तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

कागदावर मोठं काही नव्हतं. माफी वगैरे, आणि मधे एक लांब वाक्य. गीतानं वाचलं, "इफ आय हॅड रिपोर्टेड ट्रूथफुली, द ॲक्सिडेंट वुड नॉट हॅव हॅपन्ड."

"मराठीत सांग," मी म्हणलं.

"मी खरं कळवलं असतं, तर अपघात झाला नसता."

रेणुका म्हणाली, "बरोबरच आहे की. मला तसंच वाटतंय. सारखं वाटतंय."

मी लसणाची सुरी खाली ठेवली. "परत म्हण गं. कळवलं असतं, का कळवलं असेल?"

"असतं, आजी."

"मग सही करायची नाही. ‘मी कुलूप लावलं असेल तर’ म्हणजे लावलंय का नाही आठवत नाही, जाऊन बघ. ‘मी कुलूप लावलं असतं तर’ म्हणजे लावलंच नाही, पक्कं. खरं कळवलं असतं म्हणजे खरं कळवलं नाही. खोटं कळवलं. हे तूच तुझ्या सहीनं सांगतेस. हळहळ म्हणून गळ्यात घातली आणि फास निघाला."

गीता म्हणाली, "आजी, याला थर्ड कंडिशनल म्हणतात. आमच्या अर्ध्या वर्गाला कळत नाही."

"मला नाव माहीत नाही. पण आयुष्यात एवढे ‘असतं तर’ झालेत, की त्यातलं एकही झालं नाही हे मला पाठ आहे."

त्या दिवशी मला खरा राग आला. आदल्या दिवशीचा राग म्हणजे नुसता धूर होता. मंदारसाहेबांना ‘असतं’ आणि ‘असेल’ कळत नव्हतं काय? आणि त्याच्याही आधी, ग्रुपवर ‘आय केम’ वाचलं तेव्हाच मराठी माणसाला कळायला नको, की ही बाई ‘आलेच’ म्हणतेय? यादगिरीला कळलं नाही, त्याचा काय दोष. पण यांना कळलं होतं. कळून गप्प बसले आणि वर टाइप करून दिलं.

मी म्हणलं, मी येणार तुझ्याबरोबर ऑफिसात.

"नका मामी. तुम्ही तोंड उघडलं की सातही मजले ऐकतील."

"ऐकू देत."

त्याआधी रेणुका बरकतपुऱ्याला स्रवंतीच्या घरी गेली. मलाही बरोबर घेतलं. पोरगी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसली होती. रेणुका उभ्या उभ्याच म्हणाली, "मेरे लिखने से गिरी तू, बेटी." ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. पोरगी म्हणाली, "अरे आंटी, मैं भी फोन देखते देखते चल री थी." तिच्या आईनं आम्हाला ताक दिलं.

बाहेर पडल्यावर मी म्हणलं, "ऐकलंस ना? फोन बघत चालत होती. लिही ते उत्तरात."

"नाही लिहिणार."

"अगं, तुझ्या फायद्याचं आहे."

"ते तिचं आहे, मामी. तिला लिहायचं तर ती लिहील."

काय करावं अशा बाईचं? मी बसमध्ये तिच्याशी बोलले नाही. आमच्याकडं तेव्हा भांडीही नव्हती बोलायला.

उत्तर तिनं स्वतः लिहिलं. गीता फोनमधून तयार करून देते म्हणाली, तर ही म्हणाली, "त्यातला एक काळ चुकला तर परत माझ्याच अंगावर." तीन तास लागले. एवढंसं झालं. आय केम असं मी लिहिलं. मी येत आहे असं मला म्हणायचं होतं. मी दहा चोपन्नला पोचले. स्रवंती दहा पन्नासला पडली. ती माझ्या शब्दामुळं पडली, त्याचं मला दुःख आहे. मी खोटं बोलले नाही. गीतानं तपासलं आणि म्हणाली, एकही चूक नाही. रेणुकानं विचारलं, "मग खाली लाल पेनानं लिहू का, दहापैकी दहा?" तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. मला वर जायचं कार्ड नव्हतं, म्हणून खालच्या मोठ्या हॉलात बसलो. गेटवरून यादगिरी माझ्यासाठी पाणी घेऊन आला. बिचारा पाच वेळा म्हणाला, "हमारे में भी अब्बी आया बोलतेच ना अम्मा. मगर लिखा हुआ देखा तो समझा, सच्ची आ गई." त्याच्या डोळ्यांत पाणी, माझ्या हातात पाणी.

मी वाटेत मेट्रोत भाषण तयार केलं होतं. त्यात दूध होतं, कुलूप होतं, अंबाडीची भाजी पण होती.

मंदारसाहेब खाली आले. "नमस्कार आजी, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" गुडघ्याएवढ्या काचेच्या टेबलापलीकडं बसले. रेणुकाचा कागद वाचला. आणि कपाळ आक्रसलं.

"ताई, हे फार… उघडं आहे. मी दिलेलं जास्त बरं होतं. यात ‘इफ’ कुठाय?"

"नाही साहेब. मला वापरता येतो आता. पण नको."

"तुम्ही समजून घेत नाही. मॅनेजमेंटला लेखी जे आहे तेच दिसतं. तुम्ही लिहिलंत आले, कॅमेरा म्हणतो नाही आले. मग त्याला दुसरं काय म्हणणार?"

मी भाषणासाठी घसा खाकरला. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांच्या पत्नी, मेधामॅडम, गेटबाहेर गाडीत थांबल्या होत्या. कुठं तरी मुलाच्या शाळेत दोघांना जायचं होतं. साहेबांनी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "हो गं, आलोच! अगं आलो, आलो!" आणि फोन ठेवून परत पाय पसरून बसले.

मी तोंड उघडलं. पण रेणुकानं माझ्या मांडीवर हात दाबला. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"साहेब, अकरा वाजून सात मिनिटं झाली. मॅडमना लिहून पाठवा ना."

"काय?"

"आय केम."

पहिल्यांदा त्यांना समजलंच नाही. मग समजलं. आधी कान लाल झाले, मग बाकीचे साहेब.

"ते वेगळं आहे, ताई. मी बोललो. तुम्ही लिहिलंत."

"हो. मी इंग्रजीत लिहिलं, ही माझी चूक. ती मी कागदात लिहिली आहे. चूक लिहा, मी सही करते. पण खोटं लिहू नका." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "तेलुगू साहेबांना नसेल कळलं. दिल्लीच्या साहेबांना नसेल कळलं. तुम्हाला कळलं होतं."

तेवढ्यात परत फोन. परत मेधामॅडम. साहेबांनी फोनकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. शेवटी हळूच म्हणाले, "येतोय."

व्याकरण माणसाला असं चुटकीसरशी येतं, फक्त समोर सुपरवायझर पाहिजे.

ते रेणुकाचा कागद घेऊन उठले. माझं भाषण तसंच राहिलं. अंबाडीच्या भाजीचं तर मी कुणालाच सांगितलं नाही, म्हणून इथं लिहून टाकलं.

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. ते साहेबांनी हाती दिलं नाही, ऑफिसातल्या मुलीनं दिलं. रेणुका सुपरवायझर राहिली. ‘फॉल्स’ शब्द काढला होता, त्या जागी ‘इनकरेक्ट’, म्हणजे चुकीचं. रेणुका म्हणाली, चुकीचं बरोबर आहे. तिच्या तोंडून हे ऐकून मी निवांत पाय पसरले. तर गीता पुढं वाचायला लागली. शेवटची ओळ होती, आपण हे वेळीच स्पष्ट केलं असतं, तर नोटीस काढली नसती.

असतं! नसती! मी परत उठून बसले. तीन दिवसांची मुदत देऊन, तीन दिवसांच्या आत कोपऱ्यातला न कोपरा झाडून दिला बाईनं, आणि हे म्हणतात वेळीच केलं असतं तर. म्हणजे नोटीस यांनी काढली आणि तीही हिच्याच पदरात. इफ म्हणजे यांचा पोछा. आपल्या दारातलं पाणी दुसऱ्याच्या दारात सारायचं.

"परत पाठव हे," मी म्हणलं. "म्हणावं, तुम्ही वेळीच विचारलं असतं तर."

"मामी, बास."

"का बास? माझा राग अजून संपला नाही."

"तुमचा राग तुम्ही ठेवा. मला उद्या सकाळी सात माणसांची रजा ॲडजस्ट करायची आहे."

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही करून परत द्यायची होती. खाली छापलं होतं, वाचलं आणि मान्य आहे. गीतानं पेन दिलं. रेणुकानं ‘आणि मान्य आहे’ यावर सरळ रेघ मारली. मग थोडा विचार करून शेजारी इंग्रजीत स्वतः लिहिलं, ‘आय रिसीव्ह्ड’, म्हणजे मला मिळालं. आणि पुढं वेळ घातली, संध्याकाळी सात दहा.

मी विचारलं, "हे कुठल्या काळातलं?"

"झालेल्या," ती म्हणाली. "कागद हातात आहे माझ्या. बघून घ्या."

मी चष्मा लावून बघितला. होता.